कॉलेजच्या आधी एक अंक काढा

बारावीला चांगले गुण मिळवलेली मुलंही कॉलेजच्या पहिल्या सत्रात एका सूचनेपाशी हमखास अडतात. सूचना साधी असते. पाच जणांचा गट करा, आपल्या परिसरातला एखादा उद्योग किंवा प्रश्न निवडा आणि महिन्याभरात दहा पानांचा अहवाल द्या. पुढे काय होतं ते कुठल्याही प्राध्यापकांना विचारावं. एक जण रात्र जागून सगळं लिहितो, तेही निम्मं इंटरनेटवरून उचललेलं. दोघे झेरॉक्सचे पैसे देतात. उरलेले दोघे मुखपृष्ठावर आपलं नाव बरोबर आलंय ना, एवढं पाहतात. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न आला की चौघंही त्या एकाच्या तोंडाकडे बघतात.

या मुलांना अक्कल कमी असते असं मुळीच नाही. स्वतः पाहिलेलं स्वतःच्या शब्दांत लिहिणं आणि ते चार जणांना बरोबर घेऊन ठरल्या दिवशी पुरं करणं, या दोन गोष्टी बारा वर्षांत त्यांच्याकडून कुणी करून घेतलेल्याच नसतात. शाळेत निबंध असतो, पण बहुधा गाइडमधून पाठ केलेला. गटकार्य असतं, ते तक्ता रंगवण्यापुरतं. शिकवणीच्या वर्गात तर चार पर्यायांतून एक निवडण्याचाच सराव चालतो.

कॉलेजचं शिक्षण मात्र आता याच दोन गोष्टी जास्त मागू लागलं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानं डिसेंबर २०२२ मध्ये पदवीचा नवा आराखडा जाहीर केला. तीन वर्षांच्या पदवीला १२० श्रेयांक, चार वर्षांच्या ऑनर्सला १६०, आणि संशोधनासह ऑनर्स करणाऱ्याला चौथ्या वर्षी १२ श्रेयांकांचा शोधप्रकल्प. भाषाकौशल्याचे वेगळे विषय आले, इंटर्नशिप आली. छत्तीसगडच्या महाविद्यालयांत नवं धोरण २०२४-२५ पासून लागू झालं. वर्षाअखेरीस एकदा घोकून पेपर द्यायचा, ही सवय तिथे फार दिवस पुरत नाही.

भनपुरीतल्या मुलांना हे अंतर जरा जास्तच जाणवतं. रायपूरच्या उत्तरेला, बिलासपूर रस्त्यावरची ही वस्ती म्हणजे लाकडाच्या वखारी, आरा मिल, रोलिंग मिल आणि ट्रकांची रांग. शेजारी खमतराई आणि रावाभाठा, पुढे बिरगाव, उरला, सिलतरा अशी कारखान्यांची ओळ लागते. विज्ञान महाविद्यालय, एनआयटी, पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठ हे सगळं शहर ओलांडून पलीकडे, जीई रोडच्या बाजूला. घरात कॉलेजची पायरी चढलेलं माणूस नसेल, तर तिथे नेमकं काय करावं लागतं हे सांगणारंही कुणी नसतं. भाषेची गुंतागुंत आहे ती वेगळीच. मराठी घरातलं मूल घरी मराठी, गल्लीत छत्तीसगढी, शाळेत हिंदी बोलतं आणि कॉलेजात त्याच्यापुढे इंग्रजी पुस्तकं येऊन पडतात. २०२० पासून सुरू झालेल्या स्वामी आत्मानंद सरकारी इंग्रजी माध्यमाच्या शाळांमुळे काही मुलांची वाट सोपी झाली. तरी चार भाषा कानावर पडणं आणि त्यांपैकी एकीत तरी नेटकं पान लिहिता येणं, यांत मोठा फरक आहे.

यावर एक जुना, कमी खर्चाचा आणि खात्रीचा उपाय मराठी शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरला आहे. तो म्हणजे हस्तलिखित. सात-आठ मुलांनी मिळून विषय ठरवायचा, लेख लिहायचे, चित्रं काढायची, सुवाच्य अक्षरात पानं उतरवायची आणि अंक बांधून वाचनालयात ठेवायचा. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अंमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते. तेव्हा वसतिगृहातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचं दैनिक स्वतःच्या हातानं लिहून काढत. पुढे १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केलं. मुलांनी वाचावं आणि लिहावं यासाठी एक शिक्षक रोज एवढे कष्ट घेत होता, ही गोष्ट आजच्या पालकांनी आणि शिक्षकांनी जरूर लक्षात घ्यावी. आज बऱ्याच शाळांत हस्तलिखित उरलंय ते स्नेहसंमेलनात मांडण्यापुरतं, आणि त्यातली पानं मुलांपेक्षा बाईंनीच जास्त सजवलेली असतात.

रायपूरकरांना तर यासाठी अंमळनेरपर्यंत जायचीही गरज नाही. जानेवारी १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक निघालं. संपादक दोघे, माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर. प्रकाशनाची जबाबदारी वामन बळीराम लाखे यांची. तिघेही मराठी घरांतले, आणि काढलं ते हिंदी मासिक, कारण वाचक हिंदी होता. सप्रे मॅट्रिक झाले ते रायपूरला. बी.ए. होऊन ते पेंड्र्याच्या राजकुमारांना शिकवत होते आणि तेव्हा त्यांचं वय होतं अवघं अठ्ठावीस. मासिकाची सुरुवातीची छपाई रायपूरच्या कय्यूमी प्रेसमध्ये झाली. म्हणजे मजकूर एका गावात तयार व्हायचा आणि छपाई दुसऱ्या गावात. फोन नाही, मोटार नाही, अशा काळात दर महिन्याला अंक काढायचा तर कोण काय करणार आणि कधीपर्यंत करणार, हे तिघांमध्ये पक्कं असल्याशिवाय ते जमलंच नसतं. हिंदीतल्या सुरुवातीच्या कथांमध्ये जिचं नाव घेतलं जातं ती सप्र्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ याच मासिकात १९०१ मध्ये आली. नव्या पुस्तकांची परखड समीक्षा हा तर त्याचा खास विभाग. पैशांच्या ओढगस्तीत डिसेंबर १९०२ मध्ये मासिक बंद पडलं, पण तीन वर्षांच्या त्या कामातून घडलेली माणसं पुढे कुठच्या कुठे गेली. सप्र्यांनी नागपुरात ‘हिंदी केसरी’ काढला, टिळकांचा ‘गीतारहस्य’ हिंदीत आणला. लाख्यांचं नाव सहकाराच्या कामात झालं. रायपुरात लाखेनगर आहे, सप्रे शाळा आहे. तिथून रोज ये-जा करणाऱ्या किती मुलांना ही नावं एका मासिकाच्या संपादकमंडळातली आहेत हे ठाऊक असेल?

अमेरिकेतही असंच एक उदाहरण आहे. जॉर्जिया राज्यातल्या राबन परगण्यातल्या एका शाळेत १९६६ मध्ये मुलांचं इंग्रजीच्या तासाला लक्ष लागेना, तेव्हा वर्गानं मासिक काढायचं ठरवलं. मुलं आसपासच्या डोंगरातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांकडे गेली. ओंडक्यांचं घर कसं बांधतात, साबण कसा करतात, कोणत्या तिथीला काय पेरतात, हे विचारून लिहून आणलं. मासिकाचं नाव ‘फॉक्सफायर’. त्यातल्या मजकुराचं पुस्तक १९७२ मध्ये निघालं आणि देशभर खपलं. ती मुलं काही निवडक हुशार नव्हती. गावातल्या माणसांना नीट विचारणं आणि ऐकलेलं नीट उतरवणं एवढंच त्यांनी केलं होतं.

भनपुरीत विषयांची ददात नाही. आरा मिलमध्ये लाकूड कुठून येतं, बिलासपूर रस्त्यावरच्या ट्रकचालकांचा दिवस कसा जातो, रावाभाठ्याच्या बंजारी मातेच्या मंदिरापाशी नवरात्रात कोण कोण दुकान लावतं, गल्लीतली कुटुंबं कोणकोणत्या राज्यांतून आली, बोअरचं पाणी उन्हाळ्यात किती खाली जातं. एका अंकाला एकच विषय घ्यावा. ‘आमचं शहर’ असा मोठा विषय घेतला की मुलं पुन्हा गाइडची भाषा लिहू लागतात.

समजा, गटानं रोलिंग मिल हा विषय घेतला. पहिल्या खेपेला बहुतेक मुलं असं लिहितील: ‘भनपुरी हे रायपूरचे एक महत्त्वाचे औद्योगिक क्षेत्र आहे. येथे अनेक कारखाने असून त्यामुळे हजारो लोकांना रोजगार मिळतो. परंतु प्रदूषणाची समस्या गंभीर आहे.’ वाक्यं शुद्ध आहेत, आणि त्यांत लिहिणाऱ्यानं स्वतः पाहिलेलं काहीच नाही. अशा वेळी गटातल्या बाकीच्यांनी त्याला प्रश्न विचारावेत. अनेक म्हणजे किती? तू पाहिलेला एक कोणता? त्यात काम करणाऱ्या कुणाशी बोललास? तो घरून किती वाजता निघतो? लिहिणारा परत जाऊन विचारून येतो आणि दुसऱ्या खेपेला काहीसं असं लिहितो: ‘आमच्या गल्लीतले काका मिलमध्ये भट्टीपाशी असतात. लोखंडाचं बिलेट लालपिवळं झालं की ते लांब सांडशीनं रोलरकडे सरकवतात. एका बाजूनं जाड तुकडा जातो, दुसऱ्या बाजूनं सळई बाहेर पडते. पाळी संपवून घरी आल्यावर त्यांना हळू बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून काकू त्यांच्याशी जोरात बोलतात.’ आता विज्ञानाची आवड असलेल्या मुलीनं त्यात भर घालावी. बिलेट साधारण ११०० ते १२०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात, कारण त्या तापमानाला पोलाद न तुटता हवा तसा आकार घेतं. तिसऱ्यानं कानांवर होणाऱ्या आवाजाच्या परिणामाबद्दल डॉक्टरांना विचारून चार ओळी लिहाव्यात. एका परिच्छेदाला तिघांचे हात लागले आणि तो तिघांनाही समजला. कॉलेजातल्या अहवालाला याहून वेगळं काही लागत नाही.

इथे एक सूचना ठळकपणे द्यायला हवी. मुलांनी परवानगीशिवाय कारखान्यात पाऊल टाकू नये, भट्टी-रोलरच्या जवळ तर परवानगीनंही जाऊ नये. मुलाखत घरी, ओसरीवर, चहाच्या वेळी घ्यावी. कामगारानं सांगितलेल्या एखाद्या गोष्टीमुळे त्याची नोकरी अडचणीत येईल असं वाटलं तर नाव आणि कारखाना दोन्ही वगळावेत. लिहून झालेलं पान त्याला वाचून दाखवावं आणि मगच अंकात घ्यावं. ही शिस्त ज्याला सतराव्या वर्षी लागली, त्याला पुढे समाजशास्त्र, पत्रकारिता किंवा वैद्यकशास्त्र शिकताना संशोधनातल्या संमतीचा अर्थ वेगळा शिकवावा लागत नाही.

ज्या मुलांना मोजमाप आवडतं त्यांच्यासाठी धूळ हा विषय घराघरात हजर आहे. केंद्र सरकारनं २०१९ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत छत्तीसगडमधली रायपूर, भिलाई आणि कोरबा ही तिन्ही शहरं आहेत. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काळा थर बसतो, हे इथल्या प्रत्येक आईला माहीत असतं. सारख्या आकाराच्या पांढऱ्या टाइल्स घ्याव्यात, त्यांवर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवावा आणि त्या वेगवेगळ्या गच्च्यांवर एकाच उंचीवर, एकाच वेळी चोवीस तास ठेवाव्यात. एक रस्त्यालगतच्या घरी, एक आतल्या गल्लीत, एक झाडाखाली. वारा कुठल्या दिशेनं होता ते टिपावं, भिंगातून चौरस सेंटिमीटरमधले कण मोजावेत, फोटो काढावा, पाऊस पडला तर तो दिवस वगळावा. निष्कर्ष लिहिताना मात्र हात आखडता घ्यावा. टाइलवर कण जास्त बसले एवढंच या प्रयोगातून कळतं. ते कुठल्या कारखान्याचे, हे कळत नाही. ही मर्यादा स्वतःहून लिहिणारा विद्यार्थी कुठल्याही परीक्षकाला आवडतो. दहा ते सतरा वयाच्या मुलांसाठी १९९३ पासून भरणाऱ्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत अशाच स्थानिक प्रश्नांवरचे प्रकल्प, नोंदवहीसकट मांडावे लागतात. अंकाचं काम नीट झालं तर त्यातलाच एखादा लेख वाढवून तिथे पाठवता येईल.

आता गटाबद्दल. सहा जण पुरे. त्याहून जास्त झाले की बैठकीत गप्पाच होतात, आणि तिघांत एक आजारी पडला की काम थांबतं. सगळे एकाच वर्गातले, एकाच शिकवणीतले नसावेत. वाणिज्य शाखेचा एक हवाच, कारण कागद, झेरॉक्स आणि बांधणीचा हिशेब त्याला ठेवता येईल. मुली असाव्यात आणि बैठकीची वेळ त्यांच्या सोयीनं ठरवावी. घरकामाचा भार बहुतेक घरांत अजून त्यांच्यावरच असतो आणि संध्याकाळी उशिरा ट्रकांच्या रस्त्यावरून परतणं कुणालाच परवडणारं नाही. रविवारची सकाळ चांगली.

कामं वाटायची ती माणसाच्या नावानं आणि तारखेसह. ‘आपण सगळे मिळून करू’ म्हणजे कुणीच करणार नाही. एक साधी दोनशे पानी वही घ्यावी आणि प्रत्येक बैठकीचं इतिवृत्त तिच्यात लिहावं: कोण आलं, काय ठरलं, कुणी काय कधीपर्यंत करायचं. इतिवृत्त लिहिणारा दर वेळी बदलावा. ऐकता ऐकता नेमकं तेवढंच टिपणं ही कॉलेजातल्या व्याख्यानाची पूर्वतयारी आहे आणि तिच्यासाठी याहून चांगला सराव सापडणार नाही. संपादक मात्र एकच असावा, शेवटपर्यंत. वाद झाले की कुणाचा तरी शब्द अखेरचा लागतो.

काम टाळणारा प्रत्येक गटात एक निघतोच. त्याच्यावर चिडून उपयोग नाही आणि त्याचं काम गुपचूप दुसऱ्यानं करून टाकणं तर सर्वांत वाईट, कारण कॉलेजात हाच दोष वाढतो. बऱ्याचदा असा मुलगा आळशी नसतो. त्याला ते काम येत नसतं आणि तसं सांगायची लाज वाटते. आधी त्याला छोटं काम द्यावं, एखाद्याला सोबत द्यावं. दोनदा तारीख चुकली तर ते काम उघडपणे दुसऱ्याकडे द्यावं आणि तशी वहीत नोंद करावी. अंकाच्या शेवटच्या पानावर प्रत्येकाच्या नावापुढे त्यानं केलेलं काम छापावं, नुसती नावं नकोत. ‘मुलाखत आणि दुसरा लेख’, ‘नकाशा’, ‘हिशेब’, ‘शुद्धलेखन’. ज्यानं काही केलं नाही त्याच्या नावापुढे जागा रिकामी राहील. हे मुलांना आधीच माहीत असलं की बहुतेक जण कामाला लागतात.

गटात प्रत्येकाची गरज पडेल अशी रचना कशी करावी, यावर मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांनी १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत काम केलं. गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं तिथे नव्यानंच एका वर्गात बसू लागली होती आणि रोज कुरबुरी चालत. अ‍ॅरन्सन यांनी धड्याचे तुकडे केले, गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा दिला आणि तो त्यानं बाकीच्यांना शिकवायचा असं ठरवलं. एकाचं ऐकलं नाही तर सगळ्यांचाच धडा अपुरा राहणार. मुलं हळूहळू एकमेकांचं ऐकू लागली. अंकासाठीही तेच करता येतं. मिलच्या विषयात एकाकडे इतिहास, एकाकडे यंत्र, एकाकडे आरोग्य, एकाकडे मजुरी आणि घरखर्च. आणि प्रत्येकानं आपला भाग बाकीच्यांना दहा मिनिटांत समजावून सांगायचा. जो भाग तोंडी सांगता येत नाही तो लिहिताही येणार नाही.

कच्चे मसुदे वाचण्याची रीत आधी ठरवून घ्यावी. लिहिणाऱ्यानं स्वतःचं पान मोठ्यानं वाचावं. लांबलेलं वाक्य, अडखळणारी जागा त्याच्या स्वतःच्याच कानाला लागते. मग ऐकणाऱ्यांनी आधी सांगावं की त्यांना डोळ्यांपुढे काय दिसलं, आणि नंतर सांगावं की कुठे कळलं नाही. ‘मस्त’, ‘छान’ आणि ‘बेकार’ या तिन्ही शब्दांना बैठकीत बंदी असावी. शुद्धलेखन सर्वांत शेवटी तपासावं. सुरुवातीलाच ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढत बसलं की मूल सोपे, सुरक्षित शब्द शोधू लागतं आणि मजकूर मरतो. हे मराठी आणि हिंदीच्या शिक्षकांना पटायला जरा वेळ लागेल, पण पहिल्या मसुद्यावरची लाल शाई मुलांचं लेखन बंद पाडते हा अनुभव त्यांनाही आहे.

भाषा कुठली? पहिला मसुदा ज्या भाषेत मुलाला सहज सुचतं त्या भाषेत. अंकात मराठी, हिंदी, छत्तीसगढी शेजारीशेजारी आल्या तर काही बिघडत नाही. मुलाखत देणाऱ्या आजी छत्तीसगढीत बोलल्या असतील तर त्यांची वाक्यं तशीच ठेवावीत. मात्र प्रत्येक लेखाचा दीडशे शब्दांचा सारांश इंग्रजीत लिहावा, शब्दकोश जवळ घेऊन. कॉलेजातला प्रबंध असो की परिषदेतला निबंध, सुरुवातीला सारांश मागतातच. संदर्भ शोधायला जीई रोडवरचा नालंदा परिसर आहे. २०१८ मध्ये सुरू झालेलं हे ग्रंथालय चोवीस तास उघडं असतं. भनपुरीहून ते लांब पडतं, म्हणून महिन्यातून एखाद्या रविवारी सगळ्यांनी एकत्र जावं आणि प्रत्येकानं काय शोधायचं ते वहीत लिहूनच निघावं.

चॅटजीपीटीबद्दल पालक विचारतात. नको म्हणून मुलं थांबणार नाहीत, म्हणून नियम सोपा असावा: पहिला मसुदा हातानं, कागदावर, यंत्राविना. तो झाल्यावर यंत्राला ‘यात काय कळत नाही ते विचार’ असं सांगायला हरकत नाही. त्यानं दिलेली वाक्यं अंकात घ्यायची नाहीत आणि त्यानं सांगितलेली प्रत्येक आकडेवारी दुसऱ्या ठिकाणी पडताळायची. शेजारच्या काकूंना काकांशी जोरात का बोलावं लागतं, हे यंत्राला माहीत नसतं. ते जाऊन विचारावंच लागतं.

या सगळ्याचा प्रवेशाला काय उपयोग, हा प्रश्न पालकांच्या मनात असणारच आणि तो रास्त आहे. केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून होणारी सीयूईटी पर्यायांची परीक्षा आहे, पण तिच्या भाषाविभागात उतारे वाचून समजावे लागतात. रायपूरच्या हिदायतुल्ला राष्ट्रीय विधी विद्यापीठात ज्या क्लॅट परीक्षेतून प्रवेश मिळतो, ती २०२० पासून जवळजवळ पूर्ण उताऱ्यांवरच बेतलेली आहे. स्वतः लिहिणारा मुलगा दुसऱ्याचा उतारा वेगानं वाचतो, कारण लेखक कुठे वळण घेतो हे त्याला आतून माहीत असतं. सोनिपतच्या अशोका विद्यापीठासारख्या खासगी संस्था अर्जासोबत निबंध मागतात. तिथे ‘मला समाजसेवेची आवड आहे’ या वाक्याला किंमत नसते. गच्चीवरच्या टाइलची हकिकत मात्र वाचली जाते.

एनडीएला जाऊ पाहणाऱ्यांना तर हा सराव थेट लागू पडतो. लेखी परीक्षेनंतर सेवा निवड मंडळापुढे पाच दिवसांची परीक्षा असते. तिच्या पहिल्याच टप्प्यात एक धूसर चित्र ३० सेकंद दाखवतात, ४ मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायची असते आणि मग सगळ्या गटानं चर्चा करून मिळून एकच गोष्ट ठरवायची असते. बरेच उमेदवार इथूनच घरी परततात. पुढे गटानं मिळून योजना आखणं, मैदानावरचे अडथळे एकत्र पार करणं हे सगळं येतं. साडेसोळा ते साडेएकोणीस या वयातली ही परीक्षा. २०२२ पासून मुलीही एनडीएत दाखल होऊ लागल्या. दर रविवारी सहा जणांत बसून आपला मुद्दा मांडलेला आणि दुसऱ्याचा पटला तर सोडून दिलेला उमेदवार तिथे बिचकत नाही. कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेत गेलेल्यांनाही, जिथे दोन वर्षांत २४० तासांचं काम आणि सात दिवसांचं शिबिर असतं, गावपाहणीचा अहवाल लिहिताना हीच वही उपयोगी पडते.

मोठ्यांनी काय करावं? जागा द्यावी, चहा द्यावा, भांडण विकोपाला गेलं तर ऐकून घ्यावं आणि लेखणीला हात लावू नये. १९३५ पासून काम करणारं रायपूरचं महाराष्ट्र मंडळ चौबे कॉलनीत आहे. तिथल्या निवृत्त शिक्षकांनी, बँक कर्मचाऱ्यांनी महिन्यातून एखादी सकाळ अशा एखाद्या गटासाठी दिली तर मुलांना घराबाहेरचा वाचक मिळेल. सॅन फ्रान्सिस्कोत २००२ मध्ये सुरू झालेल्या ‘८२६ व्हॅलेन्सिया’ या लेखनकेंद्रात हेच होतं: स्वयंसेवक एकेका मुलाशेजारी बसतो, त्याचं पान वाचतो आणि प्रश्न विचारतो. मुलांच्या लेखनाचे छोटे अंक निघतात. त्यासाठी मोठ्या निधीची नव्हे, ठरल्या वेळी येऊन बसणाऱ्या माणसांची गरज असते, आणि अशी माणसं रायपूरच्या मराठी समाजात पुष्कळ आहेत.

काळ कोणता निवडावा, याचं उत्तर सरळ आहे: अकरावी. बारावीच्या वर्षात परीक्षांची घाई असते आणि बारावीनंतरच्या सुट्टीत प्रवेश परीक्षांच्या तारखा आडव्या येतात. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर गट जमवावा, पावसाळ्यात मुलाखती आणि पाहणी करावी, गणपतीनंतर मसुदे वाचावेत आणि दिवाळीच्या सुट्टीत अंक बांधावा. मराठी माणसाला दिवाळी अंकाची सवय १९०९ च्या ‘मनोरंजन’पासून आहे, तेव्हा घरातल्या आजी-आजोबांना हा बेत समजावून सांगावा लागणार नाही. चाळीसेक पानं पुरेत. एक मूळ प्रत, बाकी झेरॉक्स.

अकरावीत गेलेल्या मुलामुलींनी येत्या रविवारी सकाळी पहिली बैठक घ्यावी. त्या बैठकीत दोनच गोष्टी वहीत लिहाव्यात: विषय कोणता आणि अंक कुठल्या तारखेला सगळ्यांपुढे वाचायचा. तयार झालेली पहिली प्रत ज्यांच्याशी बोलून तो लिहिला त्यांना द्यावी, दुसरी शाळेच्या वाचनालयात ठेवावी, आणि तिसरी कॉलेजच्या मुलाखतीला जाताना सोबत न्यावी.